लिथुआनियन-लॅटव्हियनवर सिनॉप्सिस करायचं म्हणतेय, खानापुरात बसून जमेल का?

मलप्रभा_खानापूर

नमस्कार सगळ्यांना. प्रश्न लांबडा आहे पण शेवटपर्यंत वाचा प्लीज. मी खानापूर तालुक्यातली, बीए संस्कृत घेऊन केलं, आता एमए भाषाविज्ञानाचं दुसरं वर्ष चालू आहे आणि पुढच्या महिन्यात सिनॉप्सिस, म्हणजे प्रोजेक्टचा आराखडा, द्यायचाय. गेल्या वर्षापासून माझ्या डोक्यात बाल्टिक भाषा बसल्यात, म्हणजे लिथुआनियन, लॅटव्हियन आणि ती संपलेली जुनी प्रशियन. झालं असं की तुलनात्मक व्याकरणाचं कुठलंही पुस्तक उघडलं की संस्कृत, ग्रीक, लॅटिनच्या शेजारी एक लिथुआनियनचा रकाना असतोच, आणि शिकवताना तेवढा रकाना सोडून सगळे पुढं जातात. मला तो रकानाच बघत बसावंसं वाटतं.

तर आता विचारायचं असं की, एक तर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामा नेहमी एक मेसेज टाकतात की लिथुआनिया देशातले शेतकरी अजून संस्कृत बोलतात आणि ती भाषा संस्कृतपासूनच निघालीय, यात खरं किती? दुसरं म्हणजे या भाषांवर दीडशे-दोनशे वर्षं युरोपातले लोक काम करतायत, मग आपल्यासारख्यानं करण्यासारखं काही उरलंय का, मला जर्मन येत नाही, रशियन येत नाही, इंग्रजी बऱ्यापैकी, कन्नड आणि मराठी उत्तम. आणि तिसरं, जे मला जास्त लागलंय, टॉपिक सांगितल्यावर एका सरांनी विचारलं की सीमाभागातल्या मुलीनं लिथुआनियन कशाला करायचं, तुझ्या दारात मराठी-कन्नड पडलंय त्यावर कर की. ते वाईट हेतूनं बोलले नाहीत, पण मला त्याचं उत्तर हवंय. कुणाला या विषयातलं माहिती असेल तर मोकळेपणानं सांगा, टॉपिक सोड म्हणायचं असेल तर तेही सांगा.

शहापूरचे_सर

बाळ, आधी मामांच्या मेसेजचं बघू, कारण तो मेसेज माझ्याकडंही दर वर्षी येतो.

लिथुआनियन ही संस्कृतची मुलगी नव्हे, लांबची चुलत बहीण म्हण हवं तर. दोघींचं मूळ आद्य इंडो-युरोपीय, म्हणजे तुलनेवरून मांडलेली या सगळ्यांची मूळ भाषा, पण संस्कृत गेली इंडो-इराणी शाखेत आणि लिथुआनियन बाल्टिक शाखेत. तिथल्या माणसाला संस्कृत कळत नाही, आपल्याला लिथुआनियन कळत नाही. आंत्वान मेये या मोठ्या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाच्या नावावर एक उद्गार सांगतात की आद्य इंडो-युरोपीय लोक कसं बोलत असतील ते ऐकायचं असेल तर लिथुआनियन शेतकऱ्याचं बोलणं ऐकावं. आपल्याकडं पोचेपर्यंत त्यातलं इंडो-युरोपीय गळालं आणि संस्कृत आलं.

पण मुळातली गोष्ट थक्क करणारी आहे हे मी चाळीशीत कळल्यापासून आजवर म्हणत आलोय. संस्कृत सूनु, त्यांचं सूनुस. अवि म्हणजे मेंढी, त्यांचं आविस. वृकः म्हणजे लांडगा, त्यांचं विल्कस. शतम्, त्यांचं शिम्तस. आपण देवः म्हणताना शेवटी विसर्ग करतो, तो मुळात 'स' होता हे विद्यार्थ्यांना संधीचे नियम दाखवून पटवावं लागतं, आणि तिकडं तो 'स' आज सकाळीसुद्धा भाजी बाजारात लख्ख ऐकू येतो. सात विभक्त्या जिवंत आहेत. द्विवचन जुन्या ग्रंथांत आणि काही बोलींत आहे, दोन लांडगे म्हणायचं तर दु विल्कु, आपलं वृकौ आठव.

आता दुसरी बाजू पण लक्षात ठेव, ती मेसेजवाले सांगत नाहीत. क्रियापदात लिथुआनियननं बरंच टाकून दिलंय. तृतीय पुरुषाला एकवचन-अनेकवचन वेगळं रूपच नाही, यिस दिर्बा म्हणजे तो काम करतो आणि ये दिर्बा म्हणजे ते काम करतात, क्रियापद तेच. लॅटव्हियनमध्येही तसंच. आणि नामांमधलं नपुंसकलिंग दोन्ही जिवंत बाल्टिक भाषांतून गेलंय, जुन्या प्रशियनमध्ये त्याच्या खुणा सापडतात एवढंच. म्हणजे तू 'ते घर', 'ते झाड' म्हणतेस तेव्हा मराठीनं एक गोष्ट सांभाळलीय जी लिथुआनियननं सोडली. कुठलीच भाषा सगळीकडून जुनी नसते, एकीनं हे धरून ठेवलेलं असतं, दुसरीनं ते, आणि म्हणूनच तुलना करावी लागते. सिनॉप्सिसमध्ये 'लिथुआनियन सर्वात प्राचीन भाषा' असं वाक्य चुकूनही घालू नकोस, तिचं पहिलं छापील पुस्तक १५४७ चं आहे, मार्तीनास माझव्हीदास यांचं, ख्रिस्ती धर्मशिक्षणाची प्रश्नोत्तरं. आपली ज्ञानेश्वरी त्याच्या अडीचशे वर्षं आधीची.

निपाणी_लाइपझिग

मी निपाणीची, सध्या लाइपझिगला ऐतिहासिक भाषाविज्ञान शिकतेय, त्यामुळं हा धागा दिसला आणि राहवलंच नाही. सरांनी छान सांगितलंय, मी 'उरलंय काय' या भागाबद्दल लिहिते.

खूप उरलंय. आणि या भाषांचं महत्त्व नुसतं जुने शब्द सापडतात म्हणून नाही, आपण भाषाविज्ञानात जी पद्धत वापरतो तिचा मोठा भाग यांच्यावर काम करताना घडलाय. ध्वनिनियमाला अपवाद नसतात हे तत्त्व तू पहिल्या वर्षी शिकली असशील, ते आउगुस्ट लेस्कीननी ठामपणे मांडलं ते १८७६ च्या पुस्तकात, आणि पुस्तक होतं स्लाव्ह-लिथुआनियन आणि जर्मानिक विभक्त्यांवर. लेस्कीन इथलेच, लाइपझिगचे. त्याच वर्षी सोस्यूर, आधुनिक भाषाविज्ञानाचा पाया घालणारे, इथं विद्यार्थी म्हणून आले. सोस्यूर म्हटलं की आपल्याकडं चिन्ह आणि चिन्हित एवढंच आठवतं, पण हा माणूस १८८० मध्ये लिथुआनियाला जाऊन आला होता आणि पुढं १८९४ ते ९६ मध्ये त्यांनी लिथुआनियन आघातावर, म्हणजे शब्दातल्या कुठल्या अक्षरावर जोर पडतो त्यावर, जे लिहिलं ते आजही त्या विषयाचा पाया आहे.

ते काय होतं ते थोडं सविस्तर सांगते कारण तुला आवडेल. लिथुआनियनमध्ये आघात शब्दात कुठंही पडू शकतो आणि रूप बदललं की सरकतोही, वेदातल्या उदात्तासारखा. शिवाय आघात असलेलं अक्षर लांब असेल तर त्याला दोन प्रकारचे स्वर असतात, स्वर म्हणजे इथं अ-आ नव्हे, आवाजाचा चढ-उतार. आता दोन शब्द घे, रांका म्हणजे हात आणि लिएपा म्हणजे तिकडचं एक झाड. दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्हीला शेवटी तोच 'आ'. पण लिएपाचा आघात पहिल्या अक्षरावर आणि रांकाचा शेवटच्या 'आ' वर. द्वितीयेत मात्र रांकाचा आघात परत पहिल्या अक्षरावर येतो. का? सोस्यूरनी दाखवलं की दोन्हींचा आघात मुळात पहिल्या अक्षरावरच होता, पण ज्या शब्दाच्या त्या अक्षराचा स्वर एका प्रकारचा आहे आणि पुढच्या अक्षराचा दुसऱ्या प्रकारचा, तिथं आघात एक घर पुढं सरकला. लिएपाच्या पहिल्या अक्षराचा स्वर वेगळा म्हणून तो जागेवर राहिला. द्वितीयेच्या प्रत्ययाचा स्वर वेगळा म्हणून रांकाचाही तिथं सरकला नाही. एवढ्या एका नियमानं ढीगभर 'अपवाद' रांगेत उभे राहिले. मॉस्कोत फोर्तुनातोव यांनाही हे स्वतंत्रपणे दिसलं होतं, म्हणून दोघांच्या नावानं नियम ओळखतात. हे मी पहिल्यांदा वहीत करून बघितलं तेव्हा रात्री झोप आली नाही, खरंच सांगते.

आजचे वाद म्हणजे, बाल्टिक आणि स्लाव्ह या आधी एकच शाखा होत्या का. श्लायखर या जर्मन भाषाशास्त्रज्ञानं हो म्हटलं, मेयेनी १९०८ ला नाही म्हटलं, आता बहुतेक जण परत हो म्हणतात पण प्रशियनला नेमकं कुठं बसवायचं यावर एकमत नाही. आघाताचा इतिहास तर अजून पेटलेला विषय आहे. हे सगळं एमएच्या प्रोजेक्टला झेपणारं नाही हेही सांगते, पण प्रश्न संपलेत असं अजिबात नाही.

भाषेचं म्हणशील तर जर्मन आज ना उद्या लागणारच, वाचण्यापुरती शिक, बोलता नाही आली तरी चालेल. तोवर इंग्रजीत डेर्क्सन यांचा २०१५ चा बाल्टिकचा व्युत्पत्तिकोश आहे. विल्नियस विद्यापीठाचं बाल्टिस्टिका हे नियतकालिक १९६५ पासून निघतं आणि ते नेटवर मोफत वाचता येतं, इंग्रजी लेख बरेच असतात. आणि लिथुआनियनचा वीस खंडांचा मोठा कोश पण नेटवर फुकट आहे, पहिला खंड १९४१ ला आला आणि विसावा २००२ ला, सुमारे पाच लाख शब्द. काझिमिएरास बूगा नावाच्या माणसानं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकट्यानं शब्दांच्या चिठ्ठ्या जमवायला घेतल्या होत्या, तो १९२४ ला पंचेचाळिशीत गेला, पुढच्यांनी ते धरून ठेवलं.

शहापूरचे_सर

वीस खंड वाचून आपल्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा संस्कृत कोश आठवला, १९४८ ला सुरू झालाय आणि काम अजून चालू आहे. अशी कामं पिढ्यांची असतात.

चिकोडी_रोड

मी जरा विरुद्ध बोलतो, राग मानू नका. मी स्वतः कन्नड माध्यमात शिकलेला, घरात मराठी, गावात दोन्ही. त्या सरांचा प्रश्न मला बरोबर वाटतो. आपल्या भागात प्रत्येक दहा-पंधरा किलोमीटरवर बोली बदलते, चिकोडीचं मराठी वेगळं, हुक्केरी-संकेश्वरचं वेगळं, खानापूरच्या जंगलपट्टीतलं तर एकदमच वेगळं, आणि ते बोलणारी म्हातारी माणसं दर वर्षी कमी व्हायलीत. पोरं टीव्हीचं मराठी नाहीतर शाळेचं कन्नड बोलतात. लिथुआनियनला स्वतःचा देश आहे, सरकार आहे, विद्यापीठं आहेत, वीस खंडांचा कोश आहे. तिला खानापूरच्या मुलीची गरज काय? आणि इथल्या बोलीला तुझ्याशिवाय आहे कोण? ताई हुशार दिसतेय म्हणूनच म्हणतोय.

शहापूरचे_सर

चिकोडीकर, तुमची तळमळ मला मान्य आहे. पण 'सीमाभागातल्या मुलीनं बाल्टिक कशाला' या प्रश्नाला एक उत्तर खुद्द बाल्टिक अभ्यासाच्या इतिहासातच आहे, ते सांगतो.

लिथुआनियन भाषेचं पहिलं पुस्तक १५४७ ला कुठं छापलं गेलं? लिथुआनियात नाही. क्योनिग्सबर्गला, म्हणजे प्रशियाच्या राज्यकर्त्यांच्या, जर्मन बोलणाऱ्यांच्या शहरात. पहिलं छापील व्याकरण, दानिएल क्लाइन यांचं, १६५३, परत क्योनिग्सबर्ग. पूर्व प्रशियाचा जो पूर्वेकडचा पट्टा होता तिथं लिथुआनियन बोलणारी खेडी होती, राज्य दुसऱ्याचं आणि भाषा यांची. १८५२ ला श्लायखर प्रागहून निघून खेड्यात राहून भाषा शिकायला गेले ते याच पट्ट्यात, आणि १८५६-५७ ला त्यांनी जे व्याकरण आणि कथा-गाण्यांचं वाचन-पुस्तक काढलं त्यानं सगळ्या युरोपला लिथुआनियन पहिल्यांदा नीट दाखवली. 'बाल्टिक भाषा' हे नावसुद्धा १८४५ ला नेसेलमान यांनी दिलं, ते क्योनिग्सबर्गचेच. आणि तिथं संस्कृत शिकवणारे बेत्सेनबेर्गर, संस्कृतचे प्राध्यापक असून आयुष्यभर लिथुआनियन आणि प्रशियनची कागदपत्रं शोधत, छापत बसले.

त्याच काळात पलीकडं, रशियन साम्राज्यात, १८६० च्या दशकापासून १९०४ पर्यंत लॅटिन लिपीतलं लिथुआनियन छापायलाच बंदी होती. मग पुस्तकं छापायची सीमेपलीकडं, टिल्सिटसारख्या गावात, आणि रात्री पाठीवर गठ्ठे बांधून चोरून सीमा ओलांडायची. ते करणाऱ्या माणसांना तिकडं पुस्तकवाहक म्हणतात, पकडले गेले तर सायबेरिया. आणि पुढं प्रमाणभाषा ठरवायची वेळ आली तेव्हा यब्लॉन्स्किस या व्याकरणकारांनी जी धरली ती पश्चिमेकडची बोली, प्रशियाच्या सीमेला लागून असलेल्या भागातली. राजधानी विल्नियसच्या आसपासची नव्हे.

म्हणजे कडेच्या मुलखातली बोली अशुद्ध आणि मधल्या शहरातली शुद्ध, हे जे आपल्याला लहानपणापासून ऐकवलं जातं, पुण्याचे पाहुणे आले की आपलं बोलणं बदलतं, ते त्या भाषेच्या बाबतीत उलटं घडलंय. पोरी, त्या सरांना हे सांग. आपल्यासारख्या ठिकाणच्या माणसाला या इतिहासातलं जे दिसेल ते दुसऱ्याला पटकन दिसणार नाही.

चिकोडी_रोड

सर, हे मला माहिती नव्हतं आणि आवडलं. पण अर्धवट सोडू नका. तुम्ही सांगितलेला तो पट्टा आज कुठाय? क्योनिग्सबर्ग आता रशियाचं कालिनिनग्राड, टिल्सिटचं नाव सोव्हेत्स्क, आणि तिथली लिथुआनियन खेडी दुसऱ्या महायुद्धानंतर रिकामी झाली. आणि ती प्रशियन भाषा, तिच्यात तर १५४५ ला दोन आणि १५६१ ला एक अशी तीन धर्मपुस्तकं छापली गेली, तरी ती अठराव्या शतकाच्या सुरुवातीला प्लेगच्या साथीनंतर संपली. छापलं म्हणून वाचत नाही. चर्चला शेतकऱ्यांना धर्म शिकवायचा होता म्हणून छापलं, भाषेवरच्या प्रेमानं नाही. सीमेवर असणं हे सामर्थ्य आहे असं मी तरी म्हणणार नाही.

निपाणी_लाइपझिग

दादा, तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे, आणि प्रशियनचं उदाहरण तुमच्याच बाजूचं सगळ्यात मोठं उदाहरण आहे म्हणून जरा जवळून बघू.

प्रशियनचं आपल्याकडं मुख्य काय आहे तर ती तीन पुस्तकं, ग्रुनाऊ या बखरकाराची शंभरएक शब्दांची यादी, आणि एल्बिंग या गावाच्या नावानं ओळखली जाणारी शब्दसूची. ही सूची म्हणजे ८०२ शब्द, जर्मन आणि समोर प्रशियन, साधारण १४०० च्या सुमारास कुणीतरी नकलून ठेवलेली. विषयवार लावलीय. सुरुवात देवापासून, देयव्हिस, मग आकाश, तारे, मग शरीराचे अवयव, नातीगोती, घराचे भाग, गाडीचे भाग, शेतीची अवजारं, झाडं, मासे, पक्षी. हस्तलिखित १८२५ ला सापडलं, बेत्सेनबेर्गर यांनी १८९७ ला त्याची छायाप्रत काढली, आणि मूळ प्रत दुसऱ्या महायुद्धात गेली. आता यात क्रियापदं जवळजवळ नाहीतच. गाडीच्या चाकाच्या आऱ्यांना काय म्हणत ते माहितीय, पण 'मी गाडी हाकतो' कसं म्हणत ते या यादीतून कळत नाही. क्रियापदांसाठी १५६१ च्या पुस्तकावर अवलंबून राहावं लागतं, ते आबेल विल नावाच्या पाद्र्यानं पाउल मेगोट नावाच्या एका प्रशियन दुभाष्याला घेऊन भाषांतरित केलेलं, जर्मनच्या मागं मागं शब्द लावत गेलेलं. संशोधकांनी अख्खं आयुष्य घालवलंय हे ठरवण्यात की एखादं रूप खरं प्रशियन आहे की पाद्र्याची चूक आहे. मेगोटला शेजारी बसवून कुणी चार गोष्टी सांगायला लावल्या असत्या, आणि त्या जशाच्या तशा लिहून घेतल्या असत्या, तर केवढं कळलं असतं.

म्हणून मला 'बाल्टिक की सीमाभाग' असं निवडायलाच लावू नये असं वाटतं. लॅटव्हियनचं बघा. तिच्या शेजारी लिव्होनियन होती, एस्टोनियनच्या कुळातली, बाल्टिकशी काही नातं नसलेली, तिची शेवटची जन्मभाषक २०१३ ला गेली. शेकडो वर्षं एका गावात दोन कुळांच्या भाषा, आणि लॅटव्हियनचा आघात आता जवळपास नेहमी पहिल्या अक्षरावर असतो तो या शेजारामुळं असं मानतात. आपल्याकडचं उदाहरण सगळ्या जगाच्या पाठ्यपुस्तकांत आहे, मिरजेजवळच्या कुपवाडचं. गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी १९७१ ला दाखवलं की तिथलं कन्नड, मराठी आणि उर्दू शब्दांनी वेगवेगळं राहिलं पण वाक्यरचनेनं इतकं जवळ आलं की शब्दाला शब्द ठेवून भाषांतर होतं. 'हे तुमचं घर' म्हणताना एरवी कन्नडला 'आहे' लागत नाही, कुपवाडच्या कन्नडनं ते 'आहे' मराठी-उर्दूसारखं घेतलंय. लॅटव्हिया आणि कुपवाड शेजारी ठेवून वाचायला दोन्हीकडचं कळणारं माणूस पाहिजे, आणि मलप्रभाला कन्नड-मराठी जन्मापासून येतं.

कणकुंबी_घाट

नमस्कार, मी भाषाविज्ञानातला नाही, जांबोटीच्या पुढचा आहे, शेती आणि थोडा काजूचा धंदा. धागा पूर्ण वाचला. आमच्याकडं घरात कोकणी आणि मराठी मिसळून बोलतात. एक विचारायचंय, बेळगावातले लोक दात म्हणतात, आमच्या घरातली म्हातारी माणसं दांत म्हणतात, नाकातून, तसंच पांच. शाळेत मास्तर ते चुकीचं म्हणून कापायचे. ते चूक आहे की जुनं आहे? या असल्या गोष्टींचा ताईच्या अभ्यासाशी संबंध येतो का?

निपाणी_लाइपझिग

काका, ते चूक अजिबात नाही, ते जुनं आहे! आणि मलप्रभा, कान टवकारून वाच, मला वाटतं टॉपिक इथं बसलाय.

संस्कृत दन्त, पञ्च, कण्टक. यातला अनुनासिक मराठीत आधी नाकातल्या स्वरात गेला, जुनं मराठी दांत, पांच, कांटा असं लिहायचं, आणि पुढं तोही गेला, दात, पाच, काटा. कोकणीनं तो धरून ठेवला. पण मराठीत सगळीकडं गेलेला नाही. कांदा, खांदा, शिंग यात 'न'सारखा आवाज आहेच की. म्हणजे पुढं त, च, ट असा अघोष (उच्चारताना गळ्यात कंप नसलेला) असेल तर गेला, द, ग असा घोष (कंप असलेला) असेल तर राहिला. आता लॅटव्हियन बघ. लिथुआनियन पेन्की म्हणजे पाच, लॅटव्हियन पिएत्सी. रांका म्हणजे हात, लॅटव्हियन रुओका. लांगस म्हणजे खिडकी, लॅटव्हियन लुओग्स. तिथं घोष-अघोष भेद नाही, सगळीकडचा अनुनासिक गेला आणि आधीचा स्वर लांबला. बदल एकाच जातीचा, अटी वेगळ्या. याचा अर्थ मराठी आणि लॅटव्हियनचं काही खास नातं आहे असा नाही, दोन्हीकडं स्वतंत्र घडलंय, हे सिनॉप्सिसमध्ये पहिल्याच पानावर लिही.

आणि सगळ्यात गोड भाग. लॅटव्हियाच्या पश्चिम किनाऱ्यावर कुरोनियन नावाची आणखी एक बाल्टिक भाषा होती, ती लॅटव्हियनमध्ये विरघळून गेली, तिचं पुस्तक-बिस्तक काही उरलेलं नाही. मग ती होती कशी हे कसं कळलं? यानिस एन्झेलिन्स, लॅटव्हियनचे सगळ्यात मोठे अभ्यासक, म्युलेनबाख यांचा अर्धवट राहिलेला कोश १९२३ ते ३२ मध्ये चार खंडांत पूर्ण करणारे, त्यांनी गावांची नावं आणि बोलीतले शब्द तपासले. जिथं नियमानं अनुनासिक जायला पाहिजे होता आणि गेला नाही ते शब्द कुरोनियनचे अवशेष. लॅटव्हियनमध्ये अंबरला, म्हणजे दागिन्यांत वापरतात त्या पिवळसर राळेच्या खड्याला, द्झिन्तार्स म्हणतात, नियमानं द्झीतार्स व्हायला हवं होतं, ते 'न' कुरोनियननं मागं ठेवलेलं आहे. समजलं का? न गेलेल्या एका 'न' वरून संपलेल्या भाषेची हद्द काढली.

तीच पद्धत खानापूर-जांबोटी पट्ट्यात वापरता येईल. कुठल्या गावापर्यंत दांत आहे आणि कुठून दात सुरू होतं, म्हातारी काय म्हणते आणि नात काय म्हणते, गावांच्या आणि शेतांच्या नावात काय राहिलंय. अर्धा प्रोजेक्ट लॅटव्हियन-कुरोनियनचं छापील संशोधन वाचून मांडायचा, अर्धा तुझ्या तालुक्यात गोळा करायचा.

शहापूरचे_सर

यात एक भर घालतो. मराठी ध्वनींचा हा इतिहास ज्यांनी पहिल्यांदा शिस्तीत लिहिला ते झूल ब्लॉक, ते मेये यांचेच विद्यार्थी. त्यांच्या पुस्तकाचा परांजप्यांनी केलेला मराठी अनुवाद आहे, जुन्या वाचनालयांत मिळतो. बाल्टिकचं काही वाचायच्या आधी तो वाच, कारण तीच पद्धत, तीच परंपरा, आणि उदाहरणं तुझ्या घरातली. कोकणीसाठी कत्रे यांचं कोकणीच्या जडणघडणीवरचं पुस्तक बघ. माझ्याकडं अनुवादाची प्रत आहे, बांधणी सुटलीय पण पानं सगळी आहेत, शहापूरला आलीस की घेऊन जा.

चिकोडी_रोड

आता माझी काही तक्रार नाही. हे झालं तर मी चिकोडीकडचे शब्द पाठवीन, आमच्या बाजूला कन्नड जास्त मिसळलंय, तुलनेला चालेल. फक्त एक, गोळा केलेलं रेकॉर्डिंग डिपार्टमेंटच्या कपाटात ठेवू नका, सगळ्यांना ऐकता येईल असं कुठंतरी टाका.

मलप्रभा_खानापूर

सगळ्यांचे खूप आभार, मी काल रात्रीपासून हे परत परत वाचतेय. गाईडना आज विचारलं, ते म्हणाले अनुनासिकाचं चालेल पण व्याप्ती छोटी ठेव, लॅटव्हियनचा भाग फक्त छापील साहित्यावर आणि इथला भाग पाच-सहा गावांत. सर, मी येत्या रविवारी शहापूरला येते, पुस्तक नीट जपून वापरीन.

निपाणीच्या ताई, शब्द कसे विचारायचे ते सांगा ना. यादी वाचून दाखवली तर माणसं माझ्यासारखंच म्हणतील अशी भीती वाटते, शिकलेली पोरगी समोर बसली की आजी लोक लगेच पुस्तकी बोलायला लागतात, माझी स्वतःची आजी पण. आणि काका, तुमच्याकडं आले तर चालेल का, घरातल्या मोठ्या माणसांना त्रास होणार नाही अशा वेळी.

निपाणी_लाइपझिग

यादी वाचूच नकोस, तू स्वतः तो शब्द उच्चारायचाच नाही. वस्तू दाखव, दाताकडं बोट दाखव, बोटं मोज म्हण, बाभळीचा काटा समोर ठेव. एल्बिंगच्या सूचीसारखे विषय धर, शरीर, घर, अवजारं, झाडं, पण तिथं थांबू नकोस, प्रत्येक वस्तूवर एक तरी गोष्ट सांगायला लाव, म्हणजे क्रियापदं येतील. पहिली दहा-पंधरा मिनिटं लोक जपून बोलतात, त्यानंतरचं खरं. बोलणाऱ्याचं माहेर कुठलं ते न विसरता लिही, बायका लग्न होऊन दुसऱ्या गावात आलेल्या असतात, आणि नकाशावर त्यांचा शब्द चुकीच्या गावात पडतो. आणि रेकॉर्डिंगच्या आधी परवानगी विचार, नाव छापायचं नाही असं सांग.

कणकुंबी_घाट

या की, त्रास कसला. फक्त आत्ता नको, लावणीच्या दिवसांत दिवसभर सगळी शेतात, आणि आमच्याकडं पाऊस म्हणजे बोललेलं ऐकू येत नाही एवढा. दसरा झाला की या. माझी मोठी आत्या चोर्ल्याकडं दिलेली आहे, तिचं बोलणं आमच्यापेक्षा पण वेगळं आहे, आणि शेजारच्या अक्का कन्नड गावातून आल्यात, त्या मराठी बोलतात ते तुम्हाला उपयोगी पडेल असं वाटतं. दोघींना सांगून ठेवतो. सकाळच्या गाडीनं आलात तर संध्याकाळच्या गाडीनं परत जाता येतं, जेवण आमच्याकडं.